शेगडीचा वास: कसला आहे त्याआधी कधी येतो ते सांगा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. दोन महिन्यांपासून त्यांच्या गॅसच्या शेगडीला विचित्र वास येतो. नेहमीचा गॅसचा वास नाही. थोडा रॉकेलसारखा, नाकाला झोंबणारा आणि संध्याकाळी जास्त. एजन्सीचा माणूस साबणाचं पाणी लावून गेला, लीकेज नाही म्हणाला. नळी नवी घातली, रेग्युलेटरही बदलून झाला, तरी वास तसाच. घरातले सगळे सकाळी कामावर जातात, दिवसभर घर बंद असतं. हॉलमध्ये नव्या फर्निचरला पॉलिश करून घेतलंय, हे त्यांनी अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. आता शेगडीच टाकून नवी घ्यावी का, असं त्या विचारतात.

ताई, शेगडी टाकू नका. मला त्या पॉलिशचाच संशय आहे, आणि का ते सांगतोच. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी वास वेगळ्या कारणाने येत असेल, आणि त्यातली एकदोन कारणं जिवावरची आहेत. म्हणून तुमच्या प्रश्नाकडे थोडा वळसा घालून येतो.

सांगली-मिरजेत शेगडी बघायला गेलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वास कधी येतो? लोक कसला येतो ते सांगायला लागतात. पण वासाचं वर्णन प्रत्येक जण आपल्या परीने करतो. एकाला जो सडक्या कोबीचा वाटतो तो दुसऱ्याला लसणाचा वाटतो. वेळ सांगताना सहसा अशी गफलत होत नाही. सगळं बंद असताना येतो, पेटवताना क्षणभर येतो, पेटलेली असताना येत राहतो, की विझवल्यावर रेंगाळतो, एवढं कळलं की शोधायची जागा निम्म्याने कमी होते.

शेगडी बंद असताना गॅसचा वास आला, तर तिथे शोधाशोध करत बसायचं नाही. रेग्युलेटर बंद करा. शक्य असेल तर तो टाकीवरून काढून टाकीला टोपी बसवा. दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं, पंख्याचं, चिमणीचं कुठलंही बटण दाबू नका. चालू असलेलं बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. फ्रिजचा प्लग ओढू नका. देवघरातली समई किंवा उदबत्ती पेटलेली असेल तर ती विझवा. माणसं बाहेर काढा आणि फोन बाहेर अंगणात किंवा रस्त्यावर जाऊन करा. 1906 हा गॅसगळतीचा आपत्कालीन नंबर चोवीस तास चालू असतो, तो फ्रिजवर लिहून ठेवण्यापेक्षा फोनमध्ये साठवून ठेवा. मेन स्विच घराबाहेर असेल तरच तो पाडा.

टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. त्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं द्रव्य अगदी थोडं मिसळतात, आणि आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो त्याचा असतो. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की ठिणगीने भडका उडू शकतो. वास त्याच्या कितीतरी आधी, त्या प्रमाणाच्या पाचव्या हिश्शालाच कळावा अशा बेताने हे द्रव्य घातलेलं असतं. म्हणजे वास आला याचा अर्थ तुमच्या हातात थोडा वेळ आहे. तो वेळ बाहेर पडण्यासाठी वापरा, उदबत्ती लावून वास घालवण्यासाठी नाही.

हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो छताकडे जात नाही, फरशीवर पसरतो. ओट्याखालच्या कपाटात, मोरीत, जिन्याखाली साठतो. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांत स्वयंपाकघर दोन पायऱ्या खाली असतं आणि दाराला उंच उंबरा असतो. तिथे गॅस खोलीत भरून राहतो आणि उभ्या माणसाच्या नाकाला उशिरा कळतो. वरची झरोक्याची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वारा खालून जायला हवा. ज्यांच्याकडे पाइपलाइनचा नैसर्गिक गॅस आहे त्यांचं उलट. तो हवेपेक्षा हलका असतो आणि वर साठतो.

नाकावर पूर्ण विसंबूही नका. एकाच वासात दहा-पंधरा मिनिटं बसलं की नाक तो वास सांगणं थांबवतं. वय झालेल्यांचं नाक मंदावलेलं असतं, आणि करोनानंतर ज्यांचा वास गेला त्यातल्या काहींचा अजून पुरता परतलेला नाही. घरी एकटी आजी स्वयंपाक करत असेल तर गॅस डिटेक्टर बसवा, आणि टाकीचा गॅस असेल तर तो फरशीपासून वीतभर उंचीवर बसवा. बऱ्याच घरांत तो चिमणीशेजारी वर लावलेला दिसतो. तिथे त्याचा उपयोग नाही.

टाकी संपत आली की वास वाढतो, ही तक्रार वारंवार येते आणि ती खरी आहे. मर्कॅप्टन गॅसच्या मानाने सावकाश उडतं. गॅस आधी उडून जातो आणि टाकीच्या तळाशी उरलेल्या द्रवात वासाचं प्रमाण वाढत जातं. शेवटच्या दोन-चार दिवसांत शेगडी पेटवताना वास जास्त आला आणि नवी टाकी लावल्यावर गेला, तर गोष्ट तिथे संपली. नवी टाकी लावूनही राहिला तर मात्र तपासणी हवी.

टाकी बदलल्याबरोबर वास सुरू झाला तर शेगडीकडे बघूच नका, टाकीच्या तोंडाकडे बघा. तिथे दोन वेगळे दोष असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. तोंडातलं काळं रबरी वायसर फाटलेलं किंवा गायब असेल, तर रेग्युलेटर लावून चालू केल्यावरच फुसफुस आवाज येतो. आतली पिन नीट बसत नसेल, तर रेग्युलेटर काढलेला असतानाही गॅस येत राहतो आणि तोंडात थोडं पाणी टाकलं की बुडबुडे दिसतात. टाकी आणून देणाऱ्याने या दोन्ही गोष्टी तुमच्यासमोर तपासून द्यायच्या असतात. तो घाईत असला तरी तुम्ही आग्रह धरा, त्यात संकोच नको. टाकीच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्ट्यांवर आतून एक अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. मुदत उलटलेली टाकी परत करा.

आता साबणाच्या पाण्याबद्दल, कारण ताईंच्या घरी तेच झालंय. चाचणी चांगली आहे, पण तिला मर्यादा आहे. रेग्युलेटर चालू आणि शेगडीची बटणं बंद ठेवून फेस लावला, तर टाकीपासून कॉकपर्यंतचा, म्हणजे बटणामागच्या गॅस सोडणाऱ्या-अडवणाऱ्या तोटीपर्यंतचा, भाग तपासला जातो. कॉकच्या पुढे जेटपर्यंत, म्हणजे बारीक भोकाच्या तोंडापर्यंत, गॅस फक्त बटण उघडल्यावर जातो. जेटचा आटा सैल असेल किंवा जेट मिक्सिंग ट्यूबच्या (गॅस आणि हवा मिसळून बर्नरकडे नेणाऱ्या नळीच्या) तोंडासमोर सरळ नसेल, तर थोडा गॅस बाजूला निसटतो, आणि हे फक्त बर्नर चालू असतानाच घडतं. बटणं बंद ठेवून कितीही फेस लावला तरी ते दिसणार नाही. शेगडीचा वरचा पत्रा किंवा काच काढून, बर्नर चालू ठेवून मेकॅनिककडूनच हे बघून घ्यावं लागतं. तुमच्याकडे आलेल्या माणसाने असं बर्नर चालू ठेवून बघितलं का? नसेल, तर तपासणी अर्धी झाली आहे.

कॉकचा दोष थोडा वेगळा. पितळेचा कॉक आतल्या ग्रीसमुळे हवाबंद राहतो. ग्रीस वाळलं की बटण कडक फिरतं, मग आपण जोर लावतो आणि आतला भाग झिजतो. बटण कडक झालं की खोबरेल तेल सोडायची सवय अनेक घरांत आहे. बटण दोन दिवस हलकं फिरतं, मग तेल तापून चिकट होतं आणि त्याचाच जळका वास यायला लागतो. कॉकला उष्णता सहन करणारं खास ग्रीस लागतं, आणि कॉक उघडून तेच भरायला हवं.

बटण चालू केल्यावर क्षणभर वास आला आणि ज्योत पेटल्यावर गेला, तर बहुतेक वेळा दोष पेटवण्याच्या पद्धतीत असतो. आधी लायटर जवळ, मग बटण. बर्नरची टोपी खाचेत नीट बसलेली नसेल किंवा अर्धी भोकं बुजलेली असतील, तर ज्योत एका बाजूने पेटून सावकाश गोल फिरते आणि तेवढ्या वेळात उरलेल्या भोकांतून कच्चा गॅस निसटतो. टोपी धुऊन, पूर्ण वाळवून, खाचेत बसवा. ओली टोपी लावली तर ज्योत फडफडते.

एक प्रकार क्वचित होतो, पण ओळखता यायला हवा. पेटवल्यावर वर ज्योत दिसत नाही किंवा अगदी बारीक दिसते, शेगडीच्या आतून घुमल्यासारखा आवाज येतो, बटण गरम लागतं आणि झोंबरा वास सुटतो. म्हणजे आग बर्नरवर न राहता आत जेटपाशी पेटली आहे. लगेच बटण बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि बर्नर साफ झाल्याशिवाय पुन्हा पेटवू नका. आतली आग कॉकचं ग्रीस जाळते आणि मागच्या नळीच्या तोंडापर्यंत उष्णता पोचवते.

पेटलेली असताना येत राहणारा वास हा सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारा, आणि ताई, तुमचा वास इथला आहे. इथे ज्योतीकडे बघा. निळी, आवाज न करणारी, बर्नरला धरून असलेली ज्योत ठीक. पिवळी, लांबट, हलती ज्योत असेल आणि भांड्यांची बुडं काळी होत असतील, तर गॅसला हवा कमी पडते आहे. अर्धवट जळलेल्या गॅसचा वास नाकात झोंबतो आणि डोळे चुरचुरतात. मिक्सिंग ट्यूबमध्ये कोळ्याचं जाळं, झुरळाची अंडी, पिठाचा थर किंवा उतू गेलेलं दूध असतं. शेगडी माळ्यावर ठेवून सहा महिन्यांनी काढली की हमखास जाळं निघतं. जाळी झिजून भांडं खाली बसलं असेल तरी तेच होतं. ज्योत थंड बुडाला टेकते आणि पुरती जळायच्या आत विझते.

ज्योत अधूनमधून नारिंगी होणं ही वेगळी गोष्ट. मिठाचं पाणी उतू गेलं, ओट्यावर पीठ चाळलं, हळद-तिखट कांडताना धूळ उडाली, की ते कण ज्योतीत जाऊन रंग बदलतात. आपल्याकडे हळदीच्या दिवसांत ही तक्रार घेऊन लोक येतात. काजळी धरत नसेल तर त्यात दोष नाही.

काजळीसोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. झोंबणारा वास त्याच्या सोबतीला येतो इतकंच. वास गेला म्हणजे तो गेला असं धरू नका. दोन-तीन जणांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर शेगडी बंद करून डॉक्टरकडे जा. बाथरूममध्ये बसवलेल्या गॅस गिझरचा धोका शेगडीपेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण खोली लहान, दार बंद आणि आत एकटा माणूस. तो गिझर बाहेर हलवून घ्या. खर्च होईल, पण हे पुढे ढकलायचं काम नाही.

जळक्या रबराचा वास आला तर आधी नळी बघा. नारिंगी रंगाची, आत तारेचं जाळं असलेली सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. ती शेगडीखालून किंवा गरम पत्र्याला चिकटून नेलेली नसावी. वर कापडी आवरण चढवू नका, भेगा झाकल्या जातात. नळी चांगली असेल तर शेगडीचे रबरी पाय, कुकरच्या दांड्या आणि ओट्यामागचं स्विचबोर्ड बघा. तापलेल्या वायरचा वास कित्येकांना सडक्या माशासारखा येतो आणि त्याचा आळ शेगडीवर येतो. नव्या शेगडीचा वास पहिल्या काही वेळांत पत्र्यावरचं तेल आणि रंग तापून येतो आणि आपोआप जातो.

आता रॉकेलच्या वासाकडे. शेगडी गॅस जाळते, पण त्यासाठी खोलीतली हवा ओढते, आणि त्या हवेत जे असेल ते ज्योतीतून जातं. पॉलिश, थिनर, ऑइलपेंट, टर्पेंटाइन यांच्या वाफा भिंतींतून आणि लाकडातून आठवडेच्या आठवडे निघत राहतात. थंड हवेत त्या नाकाला जाणवतही नाहीत, पण ज्योतीत अर्धवट जळल्या की त्यांचा वास बदलतो आणि रॉकेलसारखा, झोंबरा होतो. डांबरगोळ्या, डासांचं लिक्विड, रूम फ्रेशनर यांनीही असं होतं. ताई, तुमचं घर दिवसभर बंद असतं, वाफा साठतात, संध्याकाळी शेगडी पेटते आणि वास येतो. नळी आणि रेग्युलेटर बदलून फरक पडला नाही, कारण दोष तिथे नव्हताच. एखाद्या रविवारी सकाळपासून हॉल आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या ठेवा, दुपारनंतर शेगडी पेटवा आणि वास किती कमी होतो ते बघा. मग एका संध्याकाळी मेकॅनिकला बोलावून त्याच्याकडून हीच शेगडी गच्चीवर पेटवून घ्या. तिथे वास आला नाही तर शेगडीत दोष असण्याची शक्यता कमी.

एका वासाबद्दल मात्र अजिबात प्रयोग करू नका. धान्यात टाकायच्या ज्या विषारी गोळ्या मिळतात, त्यांच्यातून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सुटतो. त्याचा वास लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा असतो, आणि गॅस लीक आहे असंच लोकांना वाटतं. या गोळ्या प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, गोदामात वापरायच्या आहेत. तरी सुगीनंतर ज्वारी-गव्हाच्या पोत्यांत घालून त्या झोपायच्या खोलीत ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. या विषावर उतारा नाही. घरात अशी पोती असतील आणि लसणासारखा वास येत असेल, तर सगळ्यांना बाहेर काढा, उलटी-मळमळ असेल तर ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा आणि गोळ्यांचं नाव डॉक्टरांना सांगा. शेगडीचा माणूस नंतर.

बाकीचे वास पटकन सांगतो. ओट्याखाली सडलेला बटाटा, माळ्यावर मेलेला उंदीर आणि पाणी आटलेली सिंकची जाळी, या तिन्हींचा वास गॅससारखा वाटू शकतो. सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतल्यावर वास गेला तर तो ड्रेनेजचा. गावाकडे गोबरगॅसवर स्वयंपाक असेल तर सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. ज्योतीवर तो जळून जातो, म्हणून पेटवल्यावरही येत राहिला तर नळी किंवा कॉक गळतोय असं समजा.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं, तेव्हा कित्येक शेगड्या आणि रेग्युलेटर पाण्याखाली गेले. अशी शेगडी पूर्ण खोलून, जेट आणि ट्यूब साफ करून, कॉकला नवं ग्रीस भरून वापरता येते. रेग्युलेटर आणि नळी मात्र वाळवून पुन्हा लावू नका. रेग्युलेटरच्या आत पातळ पडदा असतो, त्यावर गाळ बसला की दाब बिघडतो. टाकी एजन्सीला परत द्या.

जेटमध्ये सुई किंवा पिन घालू नका. ते भोक मोजून पाडलेलं असतं. ते केसभर मोठं झालं तरी जास्त गॅस येतो, ज्योत पिवळी पडते, आणि मग काजळी कुठून आली हे कुणालाच कळत नाही. बुजलेला जेट बदलून घ्या, तो महाग नसतो. आणि गळती शोधायला काडी कधीही ओढू नका.

बंद शेगडीला अधूनमधून पुसटसा वास येतो असा नुसता संशय असेल, तर रात्री रेग्युलेटर बंद करून झोपा. तशीही ती सवय हवीच. सकाळी वास नसेल, तर दोष नळीत, कॉकमध्ये किंवा टाकीच्या तोंडातल्या वायसरमध्ये असू शकतो. सकाळी वास असेल, तर तो टाकीच्या आतल्या पिनपाशी असू शकतो. मग शेगडी पेटवू नका, सुरुवातीला सांगितलेली सगळी काळजी घ्या आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन करा. मेकॅनिकला बोलावलंत तर वास कधी, कोणत्या बर्नरला, टाकी बदलून किती दिवस झाले आणि घरात नवीन काय आलं, एवढं एका कागदावर लिहून द्या. ताई, त्या कागदावर पॉलिशची तारीख सगळ्यात वर लिहा.